उडत्या चकतीवरचा नेम शिकायला आपल्या पोरांनी जायचं कुठं?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मी मूळची आजरा तालुक्यातली, लग्नानंतर काही वर्षं कोल्हापुरात होते आणि आता बारा वर्षं झाली इंग्लंडमध्ये नॉर्दम्प्टनशर भागात राहते, पण सकाळचा चहा तुमच्या पेपरशिवाय होत नाही, मोबाईलवर का होईना. मागच्या रविवारी तुमच्याकडे नेमबाजीवर अख्खं पान आलं होतं. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ आणणारा आपल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, सगळं वाचून ऊर भरून आला, ते पान मी इथं कामावरच्या दोन मैत्रिणींना मोबाईलवर उघडून दाखवलं सुद्धा. पण पूर्ण वाचून झालं तरी त्यात शॉटगन, म्हणजे छर्ऱ्यांची बंदूक, हा शब्द एकदाही आला नाही. ट्रॅप नाही, स्कीट नाही, जणू नेमबाजी म्हणजे फक्त रायफल आणि पिस्तूल, समोर कागद किंवा स्क्रीन आणि श्वास रोखून उभं राहायचं. म्हणून हे पत्र. जरा लांबेल, पण शक्य तर कापू नका.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. याला इथं क्ले शूटिंग म्हणतात. मशीनमधून एक बशीसारखी चकती हवेत फेकली जाते आणि ती खाली पडायच्या आत बारा बोअरच्या दुनळी बंदुकीने फोडायची. नाव क्ले असलं तरी त्यात आता माती नसते, चुनखडीची पूड आणि डांबरासारखा चिकट पदार्थ एकत्र दाबून ती बनवतात. व्यास ११० मिलिमीटर, वजन १०५ ग्रॅमच्या आसपास, हातातून फरशीवर पडली तरी फुटेल इतकी नाजूक. पूर्वी जिवंत कबुतरं सोडून मारायचे, १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तशी स्पर्धा झालेली आहे, ते बंद होऊन त्याजागी ही चकती आली आणि चांगलंच झालं, कारण आता कुणाचाही जीव जात नाही. म्हणूनच इथले जुने लोक अजून क्ले पिजन म्हणतात.

ऑलिंपिकमध्ये याचे दोन प्रकार आहेत. ट्रॅपमध्ये शूटरच्या पुढे १५ मीटरवर जमिनीत खंदक असतो, त्यात १५ मशीन बसवलेल्या, चकती तुमच्यापासून लांब पळत जाते पण डावीकडे जाईल, उजवीकडे जाईल की सरळ, ते आधी कळत नाही. स्कीटमध्ये दोन बाजूंना दोन बुरुज असतात, एक उंच एक बुटका, त्यातून चकत्या समोरून आडव्या जातात आणि तुम्ही अर्धगोलात आठ जागांवर फिरत त्या फोडता, त्यात बंदूक आधी खांद्याला लावायला बंदी, कमरेपाशी धरून उभं राहायचं आणि चकती दिसली की मगच वर उचलायची. दोन्हीत एका राउंडला २५ चकत्या. याशिवाय इथं गावोगावी स्पोर्टिंग नावाचा प्रकार चालतो, झाडांवरून, टेकडीमागून, काही तर सशासारख्या जमिनीवरून उड्या मारत येणाऱ्या चकत्या, आणि बहुतेक नवशिके इथं त्यावरच शिकतात.

आता माझी सुरुवात कशी झाली ते सांगते. माझ्या वडिलांकडे शेतसंरक्षणाच्या लायसनची एकनळी बंदूक होती, भातात रानडुकरं यायची म्हणून. निवडणुकीची आचारसंहिता लागली की ती पोलिस स्टेशनात जमा करायची आणि निकाल लागल्यावर परत आणायची, असं ते वर्षानुवर्षं चाललेलं. खडकीच्या कारखान्याची काडतुसं डब्यात मोजून ठेवलेली असायची. भाऊ मोठा झाल्यावर त्याला वडिलांनी बंदूक पुसायला, तेल द्यायला शिकवलं. मी मुलगी, मला हात लावायचा नाही. त्याचं वाईट तेव्हा वाटलं होतं आणि खरं सांगते, अजून वाटतं.

तीन वर्षांपूर्वी माझ्या पन्नासाव्या वाढदिवसाला ऑफिसातल्या लोकांनी मिळून मला क्ले शूटिंगच्या एका तासाच्या लेसनचं कूपन दिलं. मी विचारलं, लायसन नको का, तर म्हणाले काही नको, ओळखपत्र आण आणि बंद बूट घाल. मला खरं वाटेना. नंतर कळलं की इथल्या १९६८ च्या फायरआर्म्स कायद्यातच तशी सोय आहे, पोलिसांनी मंजूर केलेल्या ठिकाणी, मंजूर केलेल्या वेळी, नकली टारगेटवर शूटिंग करायला माणसाकडे स्वतःचं शॉटगन सर्टिफिकेट असण्याची गरज नाही. बंदूक मैदानाची, काडतूस मैदानाचं, शेजारी उभा राहणारा कोच मैदानाचा. तुम्ही रिकाम्या हाताने जायचं आणि रिकाम्या हाताने परत यायचं. स्वतःची बंदूक घ्यायची म्हटली तर मग पोलिसांकडे अर्ज, डॉक्टरचं पत्र, घरी येऊन चौकशी, भिंतीला बोल्ट मारलेलं लोखंडी कपाट, हे सगळं आहेच, आणि असायलाच पाहिजे. पण शिकून बघायला ते लागत नाही. माझ्या पत्राचा सगळा मुद्दा या एका फरकात आहे.

मैदान म्हणजे एका शेतकऱ्याचं शेतच होतं, चिखल, एका बाजूला मेंढ्या, पत्र्याची एक खोली. कोच सत्तरीचा असेल. त्याने पहिली वीस मिनिटं बंदुकीला हातच लावू दिला नाही. आधी म्हणाला, दोन्ही हात लांब कर, अंगठे आणि बोटं जुळवून मधे छोटी फट ठेव आणि त्या फटीतून माझ्या नाकाकडे बघ. मी बघितलं. तो म्हणाला, तू कामं उजव्या हाताने करतेस पण तुझा डोळा डावा आहे. हे मला पन्नास वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं! बहुतेकांचा एक डोळा जोरकस असतो, मेंदू त्याचं जास्त ऐकतो, आणि शॉटगन दोन्ही डोळे उघडे ठेवून मारायची असते, त्यामुळे बंदूक उजव्या खांद्याला आणि हुकूम डाव्या डोळ्याचा असं झालं की नळी बरोबर वाटते पण छर्रे भलतीकडेच जातात. त्याने माझ्या चष्म्याच्या डाव्या काचेवर बोटाच्या नखाएवढी टेप चिकटवली, बास, एवढंच. हे तुमचे वाचक घरात बसून आत्ता करून बघू शकतात, समोरच्या भिंतीवरच्या स्विचकडे त्या फटीतून बघा, मग एकेक डोळा मिटा, जो डोळा मिटल्यावर स्विच फटीतून गायब होतो तो तुमचा जोरकस डोळा. कित्येक नवशिके हे न बघताच सुरुवात करतात, एकही चकती फुटत नाही म्हणून निराश होतात आणि सोडून देतात, आणि दोष त्यांच्या नेमाचा नसतोच.

मग सेफ्टी. बंदूक नेहमी मोडलेली, म्हणजे बिजागरीतून उघडलेली, दोन्ही नळ्यांतून पलीकडचं आभाळ दिसलं पाहिजे. काडतूस फक्त मारायच्या जागेवर उभं राहिल्यावर, तेही पहिल्या दिवशी एकावेळी एकच. नळीचं तोंड कधीच माणसाकडे नाही, रिकामी असली तरी नाही. कानाला मफ, डोळ्याला चष्मा, डोक्याला पुढे झापड असलेली टोपी कारण चकतीचे तुकडे वरून पडतात. त्याने मला गळ्यातलं मंगळसूत्र काढून पर्समध्ये ठेवायला सांगितलं. दस्ता खांद्याच्या खोबणीत बसतो, तिथं मणी किंवा साखळी आली की बंदुकीच्या धक्क्याने हाडावर ठसा उठतो. आपल्या बायकांना कुणी हे आधी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. आणि धक्क्याला घाबरू नका, नवशिक्याला २१ ग्रॅमचं हलकं काडतूस देतात, दस्ता घट्ट खांद्यात आणि गाल घट्ट दस्त्यावर असेल तर धक्का फक्त ढकलल्यासारखा लागतो. लागतं ते सैल धरलं की. माझाही दंड पहिल्या दिवशी निळा झाला होता कारण मी घाबरून मान मागे घेत होते.

पहिल्या सात चकत्या गेल्या. अगदी सात. मी नळीच्या टोकावरचा मणी बघत होते, तो चकतीवर नेऊन ठेवत होते आणि मग चाप ओढत होते, रायफलवाल्यांना बघून आपल्याला वाटतं तसं. कोच दर वेळी एकच म्हणायचा, थांबलीस. तू थांबलीस. मला कळेना, मी कुठं थांबतेय? मग त्याने बंदूक माझ्या हातातून घेतली आणि नुसत्या बोटाने उडत्या चकतीकडे दाखव म्हणाला, दहा वेळा नुसतं बोट दाखव. आणि तेव्हा एकदम लहानपणीचं विटी-दांडू आठवलं. विटी कोलून वर उडाली की टोला मारताना दांडूकडे कोण बघतं? नजर विटीवर, हात आपोआप येतो, आणि लागल्यावर दांडू तिथंच थांबत नाही, पूर्ण फिरून खांद्यामागं जातो. तेच इथं आहे, अगदी तेच! नजर चकतीच्या पुढच्या कडेवर, बंदूक मागून येऊन तिला ओलांडते, ओलांडताना चाप, आणि चाप ओढल्यावरही फिरवत राहायचं. मी थांबत होते म्हणजे चाप ओढताना बंदूक जागच्या जागी रोखत होते.

त्याचा हिशोब पण सोपा आहे. चकती ताशी पंच्याहत्तर किलोमीटरने आडवी चाललीय आणि तुमच्यापासून तीस मीटरवर आहे असं धरा, तर छर्रे तिथं पोचेपर्यंत ती पावणेदोन-दोन मीटर पुढं सरकलेली असते. म्हणजे जिथं दिसते तिथं मारलं की कायम मागेच जाणार. एका काडतुसात तीनशेच्या आसपास बारीक छर्रे असतात आणि ते पसरत जातात म्हणून थोडी चूक चालते, पण थांबलेली बंदूक चालत नाही.

आठवी फुटली. आवाज मफमुळे फारसा आला नाही, पण आभाळात जिथं केशरी चकती होती तिथं एकदम काळी धूळ झाली आणि दोन तुकडे हळूहळू गोल फिरत गवतात पडले. बंदूक मोडली तर रिकामं काडतूस उडून मागं पडलं आणि तो जळक्या दारूचा वास आला, आमच्या माडीवरच्या कपाटातला वास, वडिलांच्या बंदुकीचा. मी तिथं रडले. कोचला वाटलं खांदा दुखावला.

त्या दिवसापासून महिन्यातून दोनदा जाते, आता २५ पैकी १७-१८ फुटतात. मी स्पर्धेची खेळाडू नाही आणि होणारही नाही, पण माझी भाची होऊ शकते. ती कोल्हापुरात असते, सोळा वर्षांची, दोन वर्षं एअर रायफल करतेय. गेल्या वर्षी सुट्टीत माझ्याकडे आली होती, तिला घेऊन गेले, पहिल्याच दिवशी तिने २५ पैकी ११ फोडल्या. कोच मला बाजूला घेऊन म्हणाला, या पोरीचे हात शांत आहेत आणि डोळे जलद आहेत, हिला सोडू नका. ती परत गेली ती हेच डोक्यात घेऊन, की मला ट्रॅप शिकायचाय.

मग माझ्या भावाने चौकशी सुरू केली. एका ठिकाणी सांगितलं, शॉटगन आमच्याकडे नाही, तुमची स्वतःची बंदूक असेल तर बघू. बंदुकीच्या लायसनसाठी ऑफिसात गेला तर ते म्हणाले मुलगी २१ ची नाही, खेळासाठी पाहिजे असेल तर क्लबचं पत्र आणि खेळल्याचं सर्टिफिकेट आणा. क्लबमध्ये गेला तर ते म्हणाले खेळलीच नाही तर सर्टिफिकेट कसं देणार. खेळायचं कशाने, बंदूक नाही. बंदूक का नाही, खेळली नाही. आठ महिने तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरला, उसाची तोडणी चालू असताना शेत सोडून फिरला. कुणी वाईट वागलं असं नाही, प्रत्येकजण आपल्यापुरता नियम बरोबरच सांगत होता, पण सगळ्यांचं मिळून उत्तर एकच आलं, की नको. शेवटी एकाने सल्ला दिला, दिल्लीला पाठवा. तुघलकाबादच्या डॉ. कर्णी सिंह रेंजवर सगळं आहे हे मलाही माहीत आहे, पण सोळा वर्षांच्या पोरीला शेतकरी बाप दिल्लीला कसा ठेवणार?

एअर रायफल आपल्याकडे गल्लोगल्ली का पसरली याचं कारण उघड आहे. ठराविक ताकदीच्या आतल्या पॉइंट वन सेव्हन सेव्हन इंच नळीच्या एअर गनला लायसन लागत नाही, दहा मीटरची खोली पुरते, मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये सुद्धा रेंज लागते. पोरगं आज वाटलं तर आज जाऊन धरून बघू शकतं. दार उघडं होतं म्हणून पोरं आत आली आणि त्यातून एवढे मोठे खेळाडू झाले. शॉटगनला ते दारच नाही.

आणि हे होत नाही असं कुणी म्हणू नये, शेजारी झालेलं आहे. मध्य प्रदेश सरकारची भोपाळला शूटिंग अकॅडमी आहे, तिथली मनीषा कीर भोपाळजवळच्या खेड्यातल्या मासेमारी करणाऱ्या घरातली पोरगी, २०१८ मध्ये ज्युनियर वर्ल्ड चॅम्पियनशिपला ट्रॅपमध्ये सिल्व्हर. तिथलीच प्रीती रजक, इटारसीची, वडिलांचं ड्रायक्लीनिंगचं दुकान, २०२३ मध्ये झालेल्या हांगझोऊ एशियन गेम्समध्ये या दोघी आणि राजेश्वरी कुमारी मिळून ट्रॅप टीमचं सिल्व्हर घेऊन आल्या, आणि पुढं प्रीती सैन्यातली पहिली महिला सुभेदार झाली. मासे पकडणाऱ्या घरात बारा बोअरची स्पर्धेची बंदूक कुठून येणार? अकॅडमीने दिली. बंदूक, काडतूस, कोच, राहणं अकॅडमीचं, पोरीने फक्त मेहनत आणायची. हा खेळ राजेमहाराजांचा म्हणून बरीच वर्षं ओळखला गेला, बिकानेरचे महाराजा कर्णी सिंह पाच ऑलिंपिक खेळले आणि १९६२ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला ट्रॅपमध्ये सिल्व्हर आणलं, त्यांचं योगदान मोठंच आहे, पण भोपाळने दाखवून दिलं की राजवाडा नसला तरी चालतं. उशिरा सुरुवात केली तरीही चालतं, राज्यवर्धन राठोडांनी अठ्ठाविशीच्या आसपास हा खेळ धरला आणि २००४ ला अथेन्समध्ये डबल ट्रॅपचं (एकावेळी दोन चकत्या सोडायचा प्रकार, तो तेव्हा ऑलिंपिकमध्ये होता) सिल्व्हर आणलं. आणि पॅरिसला २०२४ मध्ये माहेश्वरी चौहान आणि अनंतजीत सिंह नरुका यांचं स्कीट मिक्स्ड टीमचं ब्राँझ चीनकडून ४३-४४ असं एका चकतीने गेलं. एका चकतीने! त्या रात्री मला झोप लागली नाही.

अडचणी मला कळतात. रायफलसारखं खोलीत होत नाही, पुढं साधारण तीनशे मीटर मोकळी जमीन लागते जिथं छर्रे पडतील, आवाज होतो म्हणून वस्तीपासून लांब पाहिजे. छर्रे शिशाचे असतात, ते मातीत साठतात, म्हणून विहीर, ओढा, चारा असलेली जागा नको आणि ठराविक वर्षांनी ते शिसं उचलून घ्यायची सोय पाहिजे, हे सुरुवातीलाच ठरवावं लागेल, नंतर नाही. काडतुसांचा खर्च आहे, एका राउंडला किमान २५ उडतात. पण आपल्याकडे डोंगराच्या पोटाशी पडीक माळ कमी नाहीत. आणि बंदुका वाढतील म्हणून कुणी घाबरत असेल तर त्यांना माझं सांगणं आहे की मी उलटच मागतेय, घरोघरी बंदूक नको, मैदानाच्या कपाटात आठ-दहा बंदुका कुलपात असू देत, कोच काढून देईल आणि कोच मोजून परत ठेवेल. वयाचा प्रश्न असेल तर शस्त्र कायद्यात २१ ची अट आहे तशीच त्याच कायद्यात प्रशिक्षणासाठी कमी वयाच्या मुलांना सवलतीची तरतूद पण आहे. भोपाळच्या पोरी त्याच देशाच्या कायद्यात शिकल्या ना?

म्हणून माझं मागणं दोनच गोष्टींचं आहे. सरकारने कोल्हापूर-सांगली-सातारा या पट्ट्यात कुठंही एक ट्रॅपचं मैदान सरकारी बंदुकांसकट करावं, आणि तिथं महिन्यातून एक दिवस असा ठेवावा की कुठलंही पोरगं ओळखपत्र आणि पालकांची सही घेऊन येईल, कोचच्या हाताखाली दहा चकत्या मारून बघेल आणि घरी जाईल. तुमच्या पेपरने हा विषय लावून धरावा, रायफलच्या पानाशेजारी अर्धं पान शॉटगनला द्यावं.

आणि जे वाचक स्वतः सुरुवात करायला निघालेत, देशात किंवा परदेशात, त्यांना कळकळीने सांगते, आधी बंदूक विकत घेऊ नका. बुटासारखी बंदूक मापाची असते, दस्ता एक इंच लांब असला तरी गाल जागेवर बसत नाही. पाच-सहा लेसन मैदानाच्या बंदुकीवर करा, त्यातून तुमचं माप तुम्हालाच कळतं.

मी डिसेंबरमध्ये महिनाभर कोल्हापुरात आहे. एखाद्या शाळेने बोलावलं तर येईन, पोरापोरींचे डोळे तपासून कुणाचा डावा कुणाचा उजवा सांगेन आणि नजर चकतीवर ठेवून हात कसा फिरवायचा ते मैदानात करून दाखवेन. त्याला बंदूक लागत नाही, एक विटी-दांडू आणि टेपची पट्टी पुरते.

आपली,
एक नियमित वाचक
(मूळ गाव आजरा तालुका, सध्या नॉर्दम्प्टनशर, इंग्लंड)